व्हेप, खर्रा आणि आठवी ते बारावीची पोरं: व्यसन इतक्या लवकर का जडतं?

पांढरी_माती (शालेय समुपदेशन, यवतमाळ जिल्हा)

पालकसभेत व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "रोज नाही घेत, कधीमधी दोस्ताच्या हातातला ओढतो." आणि "खर्र्यापेक्षा तरी बरं, नुसती वाफ आहे." (खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण.) दोन्ही वाक्यं चूक आहेत. त्यातलं पहिलं जास्त नुकसान करतं, कारण त्या भरवशावर घरचे सहा-सहा महिने गप्प बसतात.

मोठ्या माणसाचं व्यसन आपण दिवसाला किती बिड्या, किती खर्रे यावर मोजतो. तेरा-चौदाच्या पोराला हे माप लागत नाही. या वयात पकड आधी बसते आणि रोजची सवय मागून येते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जोसेफ डिफ्रान्झा यांनी १२-१३ वर्षांच्या मुलांच्या सिगारेट ओढण्याचा माग काढला. रोज ओढायला लागण्याच्या कितीतरी आधी, काहींमध्ये तर सुरुवातीच्या काही आठवड्यांतच, तलफ, चिडचिड आणि "नको म्हटलं तरी हात जातो" ही लक्षणं दिसली. त्यावरून दहा प्रश्नांची एक तपासणी तयार झाली. त्यातल्या एकाही प्रश्नाला "हो" आलं, तरी ताबा सुटायला लागला असं धरतात.

असं का होतं? मेंदूत अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनासाठी जागा असतात. निकोटिन तिथेच जाऊन बसतं आणि डोपामिन हे सुखाची जाणीव देणारं रसायन सुटतं. ओढलेलं निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि कृती नि सुख यांच्यातलं अंतर जितकं कमी तितकी गाठ पक्की बसते. पुन्हा पुन्हा निकोटिन मिळालं की मेंदू या जागा वाढवतो. मग त्या रिकाम्या राहिल्या की बेचैनी सुरू. हे मोठ्यांतही होतं. पण किशोरवयात सुखाची ओढ लावणारा भाग पूर्ण जोमात असतो आणि "थांब" म्हणणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. उंदरांवरच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली: कोवळ्या वयात निकोटिनचं सुख जास्त जाणवतं आणि त्रास कमी. म्हणजे चक्कर-मळमळ होऊन मोठा नवखा माणूस जिथे थांबतो, तिथे पोरगं थांबत नाही.

"ओढलं की अभ्यासात डोकं लागतं" असं पोरं सांगतात. ती खोटं बोलत नसतात. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि लक्ष उडायला लागतं. पुढचा कश ती उणीव भरून काढतो, आणि पोराला वाटतं डोकं चाललं ते त्याच्यामुळेच. दोन तासिकांनंतर "सर, पाणी प्यायला जाऊ?" हे रोज त्याच वेळेला येत असेल तर शिक्षकांनी घड्याळ बघावं.

२०१९ च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातल्या १३ ते १५ वयाच्या विद्यार्थ्यांपैकी ८.५ टक्के तंबाखू घेत होते, आणि २.८ टक्क्यांनी ई-सिगारेट कधी ना कधी ओढली होती. चघळायचा तंबाखू सुरू करण्याचं मध्यक वय होतं ९.९ वर्षं. म्हणजे चौथी-पाचवी! आपण मात्र जनजागृतीची भाषणं नववीत ठेवतो.

झाडीपट्टी

ताई, माहिती चांगली आहे, पण आमच्या गडचिरोली-गोंदियाकडे पोट्ट्यायचा खरा शत्रू खर्रा आहे. गोंदियाच्या कडेनं गुडाखू (दातांले घासायची तंबाखू-गुळाची पेस्ट) वेगळा. व्हेप हजाराच्या घरातला, तो कोण घेते? तो नागपूर-अमरावतीच्या क्लासवाल्या पोरायचा विषय. त्याच्यामागं धावता धावता खर्रा तसाच राहून जाईन, ही भीती आहे.

दंतवैद्य_वर्धा

झाडीपट्टी भाऊ, भीती रास्त आहे. पण ही दोन व्यसनं वेगळी धरू नका, निकोटिनचं खातं एकच आहे. किंमत म्हणाल तर एक यंत्र चार-पाच जण काँट्री काढून घेतात आणि कश वाटून ओढतात. गावातल्या पोराच्या वाट्याला तो असाच येतो: सुट्टीला आलेल्या मोठ्या पोराच्या हातून, फुकट.

खर्र्यात सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटतात. चुन्याचं काम चवीपुरतं नाही. चुन्याने लाळ अल्कधर्मी होते, निकोटिन मोकळ्या रूपात येतं आणि गालाच्या आतल्या पातळ त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरतं. व्हेपमध्ये याच्या अगदी उलटं केलंय. मोकळं निकोटिन घशाला झोंबतं, नवख्याला ठसका लागतो. म्हणून त्यात बेंझोइक आम्ल घालून निकोटिनचा क्षार (सॉल्ट) करतात. ठसका जातो, आणि मग दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम इतकं कडक लिक्विडही कोवळ्या घशातून सहज उतरतं. वर आंबा, पुदिना, थंडावा देणारी रसायनं. युरोपीय संघाने ही मर्यादा २० मिलिग्रॅमवर बांधली आहे, यावरून ५० म्हणजे काय ते समजा.

हिशेब करून बघा. दोन मिलिलिटरचं छोटं यंत्र, त्यात ५० चं कडक लिक्विड: आत १०० मिलिग्रॅम निकोटिन. एका सिगारेटमधून ओढणाऱ्याच्या शरीरात जातं साधारण एक ते दीड मिलिग्रॅम. व्हेपमधलं सगळं शरीरात जात नाही हे धरलं तरी ते सिगारेटच्या दोन-तीन पाकिटांच्या बरोबरीला जातं. बाजारात तर याच्या पाच-सहा पट लिक्विड भरलेली यंत्रं आहेत.

आणखी एक फरक पालकांच्या ध्यानात येत नाही. बिडी संपते. खर्रा थुंकावा लागतो, तोंड भरतं, वास येतो. व्हेपला असा कुठलाच शेवट नाही. पांघरुणात, संडासात, एसटीच्या मागच्या सीटवर दोन कश घेतले आणि खिशात टाकला. त्यामुळे "किती घेतलं" हे खुद्द पोरालाही सांगता येत नाही.

आता खर्र्याबद्दल, कारण तोंडं बघणं हाच माझा रोजचा धंदा. सुपारीतलं अ‍ॅरेकोलिन स्वतः व्यसन लावतं आणि गालाच्या आत तंतू धरायला लावतं. मिरचीने जळजळ होणं ही पहिली खूण. मग गाल आतून पांढुरका आणि ताठ. घरच्या घरी तपासायचं तर पोराला त्याचीच तीन बोटं एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन गेली तर ठीक, दोनच जात असतील तर त्याच आठवड्यात दाखवा. हा ताठरपणा मागे फिरत नाही, फक्त वाढ थांबवता येते, आणि पुढे त्यातूनच कर्करोग होऊ शकतो. तोंड जळतं म्हणून खर्रा सोडून व्हेप धरलेलं पोरगं "सुटलं" असं घरचे समजतात. निकोटिन तसंच चालू असतं, आणि व्हेप संपला, पैसे नसले की ते पंधरा-वीस रुपयांच्या खर्र्यावर परत येतं.

बॅटरी_आणि_सोल्डर (मोबाईल दुरुस्ती)

यंत्राबद्दल लिहितो, कारण बहुतेक पालकांना समोर ठेवलेलाही ओळखू येत नाही. दिसायला हायलायटर, पेनड्राइव्ह किंवा साबणाची छोटी वडी. खुणा दोन: एका टोकाला चपटी तोटी, दुसऱ्या टोकाला बहुधा टाइप-सी चार्जिंगचं भोक. पेनड्राइव्हला तोटी नसते.

आत चार गोष्टी असतात. लिथियम-आयन बॅटरी, हवा ओढल्याचं ओळखणारा सेन्सर, तारेची किंवा जाळीची कॉइल, आणि कॉइलला लागून कंदिलाच्या वातीसारखा लिक्विड शोषणारा कापूस. बटण नसतं. तोंडाने ओढलं की सेन्सर बॅटरी जोडतो, कॉइल तापते, लिक्विडचं धुकं होतं. ते पाणी नव्हे. प्रोपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटिन आणि फ्लेवरचे बारीक थेंब असतात. त्यातलं ग्लायकॉल ओलावा ओढून घेतं, म्हणून ओढणाऱ्याचं तोंड-नाक कोरडं पडतं, तहान फार लागते, काहींना घोळणा फुटतो.

लिक्विड संपत आलं आणि पोरगं ओढतच राहिलं की कोरडा कापूस जळतो. जळका, घसा ओरबाडणारा कश आला तर त्यात फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन तयार झालेलं असतं. कॉइल आणि सोल्डरमधून निकेल, क्रोमियम, शिसंही धुक्यात उतरतं. लेबलवर "निकोटिन ०" लिहिलेलं असलं तरी विश्वास ठेवू नका. देशात विक्रीच बंद असलेल्या मालाची तपासणी कोण करणार?

रिकामं यंत्र उघडून त्यात दुसरं काही भरणं हा सगळ्यात वाईट प्रकार. २०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुफ्फुसांना इजा होऊन २,८०७ जणांना दवाखान्यात भरती करावं लागलं किंवा त्यांचा मृत्यू झाला. मृत्यू होते ६८. मुख्य कारण निघालं गांजाच्या अर्काच्या लिक्विडमध्ये मिसळलेलं ई-जीवनसत्त्वाचं तेल. फुफ्फुसात तेल जिरत नाही.

जप्त केलेलं यंत्र चुलीत किंवा कचऱ्याच्या ढिगात जाळू नका, बॅटरी फुटते. फोडू नका, विहिरीत-नाल्यात टाकू नका. तोटीवर चिकटपट्टी लावून, कोरड्या रेतीच्या डब्यात ठेवून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. शाळेने जप्त केलेलं असेल आणि विकणाऱ्याविरुद्ध तक्रार करायची असेल तर मात्र ते आधी पोलिसांकडे जाऊ द्या.

पूर्णाकाठ

घरी सापडला तर पहिल्या दिवशी नेमकं काय करावं? मारून, कोंडून काही होत नाही हे कळतं. पण त्याच्याऐवजी काय, ते कोणी सांगत नाही.

पांढरी_माती

ताई, त्या रात्री काहीच बोलू नका. यंत्र हाती लागल्याच्या रागात विचारलेल्या प्रश्नाला एकच उत्तर येतं: "माझा नाही, मित्राचा आहे." दुसऱ्या दिवशी, एकट्याला, शेतात जाताना किंवा गाडीवर, समोरासमोर नजर न भिडवता विचारा. "घेतोस का?" असं विचारू नका. "उठल्यावर किती वेळाने पहिल्यांदा आठवण येते?" असं विचारा. उठल्यापासून अर्ध्या तासात लागत असेल तर पकड मजबूत आहे. पुढचे प्रश्न: कधी सोडायचा प्रयत्न केला आणि जमला नाही का? नाही मिळालं तर चिडचिड होते का? जिथे ओढता येत नाही तिथे, म्हणजे वर्गात, मंदिरात, पाहुण्यांत, अवघड जातं का? खर्राही चालू आहे का, हे वेगळं विचारायचं. पोरं व्हेप कबूल करतात आणि खर्रा "त्यात काय" म्हणून सांगतच नाहीत.

सोडायचा दिवस पोराने ठरवायचा, पण दोन आठवड्यांच्या आतला. परीक्षेच्या आदल्या आठवड्यातला नको, लग्नाच्या वरातीचा नको. त्या दिवशी घरातला सगळा तंबाखू बाहेर, बापाची डबीसुद्धा. घरात डबी ठेवून पोराचं सुटत नाही, इथे मी कुठलीही सवलत देणार नाही.

त्रास ४ ते २४ तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जातो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. राग, रडू, झोप उडणं, जास्त भूक, अभ्यासात लक्ष न लागणं हे सगळं येतं. घरच्यांना हे आधी सांगून ठेवलं नाही तर तिसऱ्या दिवशी "बिघडला, उलट बोलतो" म्हणून भांडण होतं आणि पोरगं त्याच संध्याकाळी परत पानठेल्यावर दिसतं. बहुतेक प्रयत्न इथेच मोडतात.

एक तलफ तीन ते पाच मिनिटं टिकते, फार तर दहा. तेवढा वेळ काढायचा. ग्लासभर पाणी घोट घोट प्यायचं, दहा लांब श्वास घ्यायचे, जागा सोडायची. तोंडात काही हवं असेल तर फुटाणे, बडीशेप, ओवा, लवंग. गोड सुपारी अजिबात नको, तिच्यात सुपारी आहेच. "तंबाखू सोडला, आता फक्त मीठी सुपारी खातो" म्हणणाऱ्या पोराचं अर्धं व्यसन चालूच असतं.

फोनही त्याच दिवशी साफ करायचा. विकणाऱ्यांची खाती आणि तो गट, दोन्ही काढायची. शेंगदाण्याच्या ठेल्यापासून एसटी स्टँडच्या मुतारीपर्यंत जिथे जिथे ओढायचा त्या जागांची यादी त्यानेच लिहावी आणि पहिले तीन आठवडे रस्ता बदलावा.

मध्येच एखादा कश घेतला तर मोजणी शून्यावर आणू नका. कुठे, कोणासोबत, कितीच्या सुमारास, एवढं विचारून त्या जागेचा बंदोबस्त करा.

औषधवाला_दारव्हा

निकोटिनच्या च्युइंगमबद्दल विचारणा होते. २ मिलिग्रॅमचा गम दुकानात मिळतो, पण अठराच्या खालच्या पोराला तो डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नका. डॉक्टरांनी दिला तर खायची रीत सांभाळा. नेहमीच्या च्युइंगमसारखा चघळत राहिला तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, उचकी-मळमळ होते आणि गुण येत नाही. सावकाश चावायचा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा, झिणझिण्या गेल्या की परत चावायचा. असा अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक नको, आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही.

विषबाधेचं लिहिणं जरूर आहे. लिक्विड लहान भावंडाच्या पोटात गेलं तर एखाद-दोन मिलिलिटरनेही जीव धोक्यात येतो. उलटी, लाळ, घाम, थरथर, छातीत धडधड, पुढे गुंगी आणि श्वास मंद. उलटी मुद्दाम करवू नका, अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून भरपूर पाण्याने धुवा आणि थेट दवाखाना गाठा. कपाशीवर फवारणी चालू असते त्या महिन्यांत हीच लक्षणं दिसली की सगळ्यांना फवारणीची विषबाधा वाटते, २०१७ च्या यवतमाळच्या घटनांनंतर तर पहिली शंका तीच येते. लाळ, घाम, उलटी दोन्हीत असते. म्हणून पोरगं फवारणीला गेलं होतं का आणि व्हेप ओढतं का, दोन्ही डॉक्टरांना सांगा. बदनामीच्या भीतीने एक गोष्ट लपवली तर उपचाराची दिशा चुकते. बाटली किंवा यंत्र सोबत न्या.

मास्तर_गोंडपिपरी

कायद्याचं मोजकं लिहितो, कारण शाळेत नेमकं काय करता येतं यात गोंधळ फार.

ई-सिगारेटवर बंदीचा अध्यादेश १८ सप्टेंबर २०१९ ला आला आणि त्याच वर्षी कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री (ऑनलाइनही), जाहिरात हे सगळं गुन्हा. पहिल्यांदा एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवला तर सहा महिने किंवा पन्नास हजार किंवा दोन्ही. झडती-जप्ती उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी करू शकतो. ओढणाऱ्याला शिक्षा करणारं कलम यात नाही. त्यामुळे पोराला "पोलिसात देतो" म्हणणं निरर्थक आहे, त्याने विकणाऱ्याचं नाव तेवढं दडतं.

तंबाखूसाठी २००३ चा कायदा: अठराखालच्याला विक्री बंद, आणि शाळा-कॉलेजापासून १०० यार्डांच्या आत कोणालाही विक्री बंद. हे अंतर फाटकापासून रस्त्याने मोजायचं नसतं. आवाराच्या भिंतीच्या किंवा कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, सरळ रेषेत, चहूबाजूंनी. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर. मागच्या गल्लीतला ठेला "फाटकापासून लांब आहे" म्हणून सुटतो तो याच चुकीच्या मोजणीमुळे. टेप धरा, पिवळी रेषा मारा, फोटो काढा, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा, प्रत ग्रामपंचायतीला आणि ठाण्याला द्या.

या कायद्यातला २०० रुपयांचा दंड ठेलेवाला हसत भरतो. म्हणून बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ७७ अर्जात लिहा. बालकाला तंबाखूजन्य पदार्थ दिला तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. शिवाय खर्र्यात सर्रास पडणाऱ्या सुगंधित तंबाखूवर राज्यात बंदी आहे, ती तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे जाते. पोराचं नाव अर्जात येऊ देऊ नका, "अल्पवयीन विद्यार्थी" एवढं पुरे.

सापडलेल्या पोराला आठवडाभर शाळेतून काढणं तर पूर्णच उलटं आहे. तो आठवडा तो ठेल्यावर काढतो.

झाडीपट्टी

मास्तर, सात वर्षांचं कलम माहीत नव्हतं. त्याच्यावरून एक सुचते. "जाय रे, एक खर्रा घेऊन ये" असं म्हणून पोट्ट्याले ठेल्यावर धाडणारे आपणच. वळख तिथंच होते, घोटायची रीतही तिथंच शिकते. बापासाठी नेतो म्हटलं तरी अठराखालच्याले देणं गुन्हाच न? ठेल्यावर तसा फलक लावला आणि गावानं ठराव केला तर निम्मी सुरुवात बंद होईन. गडचिरोलीत मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या मोहिमेवाल्यायनं गावसंघटनेच्या जोरावर ठेल्यावरची विक्री बंद करायचं काम केलंच आहे.

दुसरं, हातात पैसा कधी येते ते पाहा. मे महिन्यात तेंदूपत्ता, दिवाळीच्या मागंपुढं सोयाबीन आणि कापूस वेचणी. मजुरीचे पैसे पोराच्या हातात रोख पडतात, बांधावर मोठे खर्रा वाटतात, त्याले पण एक चिमूट देतात. दोन्ही हंगामाच्या आधी पंधरा दिवस बोलणं झालं पायजे. २६ जानेवारीच्या भाषणात उपयोग नाही.

पांढरी_माती

हो भाऊ, बापासाठी असला तरी पोराच्या हातात देणं गुन्हाच. आणि हंगामाची वेळ मी आमच्या वेळापत्रकात घेते, हे आधी कोणी सुचवलं नव्हतं.

"पोरं ऐकत नाहीत" म्हणणाऱ्यांसाठी एक आकडा: अमेरिकेत हायस्कूलच्या मुलांमध्ये व्हेप ओढणारे २०१९ मध्ये २७.५ टक्के होते, २०२४ मध्ये ७.८. म्हणजे हे कमी होऊ शकतं.

मदतीच्या जागा: तंबाखूच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे. मन फार खचलं असेल, झोप-जेवण सुटलं असेल तर टेलिमानस (मानसिक आरोग्याची सरकारी फोनसेवा) १४४१६, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात तंबाखू नियंत्रण कक्ष असतो, आणि किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक कुठे, कोणत्या वारी चालतं हे आशाताईला विचारा.

पूर्णाकाठ

आणि वसतिगृहात, आश्रमशाळेत राहणाऱ्या पोराचं? घरी चार दिवस येतो तेव्हा नीट असतो.

पांढरी_माती

मग सोडायचा दिवस घरी आल्याच्या पहिल्या सकाळचा धरा, म्हणजे सगळ्यात वाईट तीन दिवस तुमच्या डोळ्यांसमोर जातील. परतायच्या आधी अधीक्षकांशी पोरासमोरच बोला आणि फक्त तीन गोष्टी मागा: खोली किंवा पलंग बदलून द्या, रात्री जेवणानंतरचा अर्धा तास त्याला मोकळा ठेवू नका, आणि चिडचिड केली तर दोन आठवडे शिक्षा करू नका. नंतर सातव्या, चौदाव्या, तिसाव्या आणि नव्वदाव्या दिवशी फोन करा. "घेतलास का?" असं विचारू नका. "या आठवड्यात सगळ्यात जड कधी गेलं?" असं विचारा. पोरगं नेमकी वेळ आणि जागा सांगतं, आणि ती अधीक्षकांना कळवता येते.